काटोलच्या पलीकडे एक निरोप

नागपूरच्या महाल वस्तीतल्या आमच्या खोलीतून मी सकाळी सहाला बाहेर पडलो तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर आलेले होते. माझ्या साताऱ्याकडच्या मंडळींना हे खरे वाटायचे नाही, पण नागपुरात मे महिन्यात सकाळ अशी नसतेच. रात्री दगड थोडे निवतात आणि लगेच पुन्हा तापायला लागतात.

कुठे निघालो होतो ते आधी सांगतो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी महालातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासायला होतो आणि पुंडलिक छपाईच्या यंत्रावर होता. चार वर्षे आम्ही एका खोलीत राहिलो. त्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी खोलीवरच पथ्य केले, मग दवाखान्यात ठेवावे लागले, आणि आठव्या दिवशी, गुरुवारी पहाटे चारच्या सुमाराला तो गेला. तो बत्तीस वर्षांचा होता.

त्याचे घर काटोलच्या पुढे आठ-दहा मैलांवर, एका फाट्याला. घरी आई, थोरले भाऊ देवराव आणि वहिनी. देवरावांचे फाट्यावरच दुरुस्तीचे दुकान होते आणि दुकानामागे घर. आपल्याला दवाखान्यात ठेवले आहे हे पुंडलिकने घरी कळवू दिले नव्हते. थोडी कावीळ झाली आहे, काळजी नसावी, एवढे एक पोस्टकार्ड त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. बरा होऊन सरळ घरीच जाईन म्हणायचा.

दवाखान्यात बर्फाची सोय नव्हती. तिथल्या माणसाने आम्हाला बाजूला घेऊन सांगितले की अशा उन्हात संध्याकाळपलीकडे ठेवता येणार नाही, आणि ताब्यात घ्यायला नात्यातला माणूस लागेल. तार केली तर ती काटोलला येणार आणि तिथून फाट्यावर दुसऱ्या दिवशी पोचणार. तिकडे जाणारी एसटी दिवसातून एक, तीही दुपारी पोचणारी. छापखान्याचे मालक म्हणाले, तुझ्याकडे गाडी आहे, तू जा आणि भावाला घेऊन ये. छापखान्यातले दोघेजण पुंडलिकजवळ थांबले. मी निघालो.

गाडी म्हणजे माझी जुनी फटफटी. ती नावाला माझी होती. तिचे सगळे पुंडलिकच करायचा. थोरल्या भावाच्या हाताखाली शिकलेला माणूस. तो दवाखान्यात गेल्यापासून माझ्या दिवसाला तीन-तीन फेऱ्या होऊ लागल्या आणि गाडी मधूनच दचके देऊ लागली. कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला असेल म्हणून आदल्या रविवारी मी तो घरीच उघडला. अंगणात वर्तमानपत्र पसरले, तसराळ्यात पेट्रोल घेतले, जेट धुतले, फुंकर मारून भोके उजेडाला धरून पाहिली. पेट्रोलचे माप धरणाऱ्या आतल्या सुईवरची बारीक क्लिप काढताना ती उडाली. अर्धा तास गुडघ्यांवर शोधल्यावर सापडली. सुईला पाच खाचा असतात आणि क्लिप कोणत्या खाचेत होती हे मी आधी पाहून ठेवले नव्हते. अंदाजाने बसवली. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधले कागदी पॅकिंग काढताना फाटले होते, तेच दोन तुकडे जुळवून पुन्हा लावले.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात मोठ्या ऐटीत सांगितले की आज गाडी मी साफ केली. पुंडलिकचे डोळे हळदीसारखे झाले होते. त्याने विचारले, पॅकिंग नवे टाकले का? मी हो म्हणालो. मग त्याने विचारले, सुई कोणत्या खाचेत? मी म्हणालो, होती त्याच. तो समाधानाने उशीवर मागे टेकला. त्याच्याशी मी खोटे बोललो ते हे दोन वेळा.

रविवारनंतर गाडी गावात नीट चालत होती असे मला वाटत होते. महाल ते दवाखाना हा रस्ताच असा की वेग घ्यायला मिळत नाही. काटोल नाका ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागलो आणि मूठ पिळली, तर गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली बसल्यासारखी झाली. मूठ सैल केली की थोडी उचल घ्यायची. पुन्हा पिळली की कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा फट्‌ आवाज, आणि दम गेला. दहा-बारा मैलांच्या वेगाने मी जात राहिलो. मागून दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला आला आणि चढावर मला मागे टाकून गेला.

पहिल्या मोठ्या चढावर गाडी बंदच पडली. मी माझ्या परीने सगळे केले. पेट्रोलचा कॉक बंद करून उघडला, नळी काढून धार पाहिली, टाकीचे झाकण सैल केले. प्लग काढला तर त्याचे टोक राखेसारखे पांढरे पडले होते. त्याचा अर्थ मला कळला नाही. रुमालाने पुसून परत लावला. इंजिनाला हात लावता येत नव्हता इतके ते तापले होते. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून ते निवायची वाट पाहिली. बसायला नको वाटत होते आणि उठून करण्यासारखे काही नव्हते. पुंडलिकच्या अंगावर कोणती चादर टाकली असेल, याच एका गोष्टीचा मी त्या वेळात विचार करत होतो. घरची निळी चादर मी तिथे ठेवली होती आणि ती टाका असे सांगायचे राहून गेले होते.

दोन वेळा थांबत कळमेश्वरला पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. इकडच्या टपऱ्यांवर सकाळी पोहे मिळतात, त्यांच्यावर हरभऱ्याची तर्री (झणझणीत पातळ रस्सा) ओतून देतात. मला काही खायचे नव्हते, पण वास आला आणि पोटात खड्डा पडला. आदल्या दुपारपासून मी उपाशी होतो. दोन प्लेटा खाल्ल्या. नाकाडोळ्यांतून पाणी येत होते ते तिखटाने की कशाने ते कुणाला कळले नसते. पुंडलिक गेल्यानंतर पाच तासांत मी दोन प्लेटा पोहे खाल्ले, हे मी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगितले नाही.

टपरीवर एक ट्रकचालक चहा पीत होता. मी गाडीला किक मारताना तो आवाज ऐकत राहिला, मग जवळ येऊन त्याने चोकचा दांडा अर्धा ओढला. शिंका थांबल्या.

"गाडी हवा खाऊन राहिली (खाते आहे) तुमची," तो म्हणाला. "खोलली होती काय कोणी?"

मी हो म्हणालो.

"मंग अशीच न्या, चोक ओढून. आरामानं. कुठी चालले?"

मित्राच्या घरी, असे मी सांगितले. तो म्हणाला, मग काही घाई नाही.

अर्ध्या चोकवर गाडी निदान बंद पडेना. कळमेश्वरच्या पुढे दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागतात. संत्र्याच्या मुलखाची वर्णने ऐकून माझ्या डोळ्यांसमोर हिरवी झाडे आणि केशरी फळे होती. मे महिन्यात तसले काही नव्हते. मृगाच्या बहारासाठी झाडांचे पाणी तोडलेले असते. त्याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून वळली होती, बुडखे उघडे पडले होते आणि जमिनीला हात जाईल अशा भेगा. ही झाडे मेलेली नाहीत, पाऊस पडला की फुलणार आहेत, हे मला पुंडलिकनेच कधीतरी सांगितले होते. पाहणाऱ्याला तसे काही वाटत नव्हते. मैलच्या मैल तीच झाडे, आणि वर पांढरे आभाळ.

काटोलला बाजाराच्या कोपऱ्यावर थांबून इंजिन निववले आणि पाणी प्यालो. आत मंडईत रिकाम्या पेट्यांच्या थप्प्या होत्या. पुढचा रस्ता कच्चा, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला. फाट्यावर पोचायला अकरा वाजले. दोन तासांच्या वाटेला मला पाच तास लागले होते.

फाट्यावर एक कडुनिंब, एक बंद पानठेला आणि पत्र्याचे छप्पर असलेले एकच दुकान. दारात पाण्याच्या पंपाची दोन तेल-इंजिने उघडी पडली होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली लोखंडी पाने ओळीने टांगलेले. पुंडलिकपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, तसाच रुंद कपाळाचा माणूस बाहेर आला. वाटेत मी वाक्य पाठ केले होते. देवरावजी, वाईट बातमी आहे, मन घट्ट करा. ते ओठांवर होते. पण देवरावांचे माझ्याकडे लक्षच नव्हते. ते गाडीकडे पाहत होते. दिवाळीला पुंडलिक हीच गाडी घेऊन घरी आला होता.

"ही तर आमच्या पुंडलिकनं आणली होती," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे पाहिले. "तुमी त्याचे खोलीवाले भाऊ."

मी मान हलवली. मी एकटाच का आलो हे त्यांनी विचारले नाही. गाडी अशी का वाजते, ते विचारले. मी सांगितले की मीच साफ केली होती.

"पुंडलिक नव्हता?"

"तो दवाखान्यात आहे," मी म्हणालो. "तुम्हाला न्यायला आलो."

त्या दोन्ही वाक्यांत खोटे काही नव्हते. आणि ती म्हणत असतानाच माझ्या डोक्यात हिशेब चालला होता, तो लपवून उपयोग नाही. एसटी संध्याकाळी परत निघते. फाट्यावर दुसरे वाहन नाही. या गाडीवर दोन माणसे बसली तर ती कळमेश्वरसुद्धा गाठणार नाही. गाडी दुरुस्त करू शकेल असा दहा मैलांत एकच माणूस, आणि त्याचाच भाऊ गेलेला. आधी सांगितले तर हा माणूस काम कसे करील? आणि गाडी झाली नाही तर संध्याकाळच्या आत आम्ही पोचणार कसे? मी ठरवले की आधी गाडी होऊ दे.

 देवराव आत जाऊन पान्यांचे फडके घेऊन आले आणि गाडीपाशी उकिडवे बसले.

मी प्लगचे सांगितले. त्यांनी तो काढून पाहिला आणि पेट्रोल कमी, हवा जास्त, एवढेच बोलले. मग गाडी चालू ठेवून त्यांनी तेलाच्या डबीतून थेंब थेंब पेट्रोल कार्ब्युरेटरच्या सांध्यावर सोडले. थेंब पडला की इंजिनाचा आवाज बदलायचा. तिथून हवा आत जात होती. कार्ब्युरेटर सोडवल्यावर पॅकिंगचे माझे दोन तुकडे त्यांच्या तळहातावर आले. त्यांनी ते मला दाखवले नाहीत, बाजूला ठेवले. पंपाच्या पट्ट्याच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, इंजिनाच्या तोंडावर धरला आणि लहान हातोडीने कडेकडेने हलके ठोकत गेले. पुठ्ठा त्या आकाराला बरोबर कापला जात होता. हातोडी एका लयीत पडत होती. मी शेजारी उभा राहून ते पाहत होतो आणि दर ठोक्याला वाटत होते की आता सांगावे. सांगितले नाही.

मग त्यांनी सुई काढली. क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत होती, म्हणजे सुई अगदी खाली बसलेली, पेट्रोलची वाट अडवून.

"मधली लागते," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते की नाही मला कळले नाही. क्लिप त्यांनी नखाने काढली आणि मधल्या खाचेत बसवली. 

वहिनींनी आतून पाण्याचा गडवा पाठवला. मी घेतला आणि न पिताच खाली ठेवला. देवरावांनी ते पाहिले. जोडणी झाली, किक मारली, आणि गाडी दुसऱ्याच कुणाची असावी अशी चालू झाली. टाकीवर हात ठेवून त्यांनी मूठ हळूहळू पिळत नेली, तळापासून वरपर्यंत. कुठे शिंक नाही, खंड नाही. तसे तीन वेळा केले. मग गाडी बंद केली, रॉकेलने आणि मातीने हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून काळे निघेपर्यंत, आणि फडक्याला पुसत कडुनिंबाच्या बुंध्याशी बसले.

"आता सांगा," ते म्हणाले.

मी उभाच होतो. म्हणालो, "आज पहाटे. चार वाजता."

त्यांनी मान खाली घातली.  मी पाठ केलेले सगळे विसरलो होतो. शेवटी मी म्हणालो की मी आधी सांगायला हवे होते, गाडीसाठी थांबलो, मला माफ करा.

"तुमी उतरले तव्हाच समजलं मले," देवराव म्हणाले. "दवाखान्यात आहे म्हनलं, अन् कसा आहे ते नाई सांगतलं. म्या इचारलं असतं तर तुमाले सांगावं लागलं असतं. मंग माहे हात चालले नसते."

एवढे बोलून त्यांनी फडके तोंडावर धरले. पाऊण तास मी त्यांच्यापासून लपवत होतो, आणि तेवढाच वेळ ते माझ्यापासून लपवत होते.

उठल्यावर त्यांनी मला एकच सांगितले. माय थकलेली आहे, तिला आता काही कळू द्यायचे नाही. संध्याकाळी त्याला घेऊन येऊ तेव्हा कळेल. तोवर निदान दुपार तरी जाईल तिची. वहिनींना त्यांनी आत जाऊन काय सांगितले ते मी ऐकले नाही. त्या पदर दातांत धरून चुलीपाशी बसून राहिल्या.

म्हातारी मागच्या दाराने बाहेर आली. लहानखुरी, हातात काठी. पुंडलिक दवाखान्यात आहे आणि आपण त्याला बघायला जातो, असे देवरावांनी तिला सांगितले. तिने माझ्याकडे तोंड केले.

"काही खाते का गा बाबू तो?" (काही खातो का?)

"खातो," मी म्हणालो.

तिला ते बरे वाटले. काविळीला चांगले म्हणून तिने फुटाणे आणि गूळ फडक्यात बांधून माझ्या हातात दिला, आणि त्याला सांगा की मी रोज वाट पाहते, असे म्हणाली.

परत येताना देवरावांनी गाडी चालवली. मी मागे बसलो होतो, मांडीवर ते गाठोडे. भर दुपारी झळा तोंडावर येत होत्या, रस्ता पुढे पाण्यासारखा हलत होता.  सकाळी जिथे बसलो होतो ती बाभूळ केव्हा गेली ते कळले नाही. गाडी कुठेच अडली नाही. आम्ही तीनच्या आधी दवाखान्यात होतो.

तिथले फार लिहीत नाही. देवरावांनी सही केली. पुंडलिकच्या अंगावर निळीच चादर होती, कुणीतरी आपण होऊन टाकलेली. देवरावांनी ती गुडघ्यापाशी थोडी सरळ केली. मालकांनी एक ट्रक पाहून ठेवला होता, त्यात बर्फाच्या दोन लाद्या आणि भुसा. साडेचारला आम्ही निघालो. देवराव ट्रकमध्ये मागे भावाशेजारी बसले. मी फटफटीवर, ट्रकच्या धुळीत. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, असे ते म्हणाले होते. पण म्हातारीला 'खातो' म्हणून सांगितलेले माझ्या मागे लागले होते.

सात वाजायच्या बेतात पोचलो तर फाट्यावर माणसे जमलेली होती. वहिनींकडून जवळच्या वस्तीत कळले असावे. पांढरे कपडे घातलेली, मेणबत्त्या हातात घेतलेली, जय भीम म्हणून देवरावांच्या खांद्यावर हात ठेवणारी माणसे. म्हातारीला कुणी काही सांगावे लागले नाही. ती ट्रकच्या फळीला धरून उभी राहिली आणि पुंडलिकचे पाय हाताने चाचपत राहिली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. उजेड होता तोवर वंदना झाली आणि नाल्याकाठी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. देवराव गाडीपर्यंत आले, पेट्रोलचा कॉक स्वतः उघडून दिला. तेवढ्यात म्हातारी दारात आली. मला वाटले ती मला बोलणार, आणि बोलावे असेही वाटले.

"काल तुमी म्हनलं होतं, खाते म्हनून," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आखरीले का खाल्लं त्यानं?" (शेवटी काय खाल्ले त्याने?)

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. बुधवारी दुपारी मी मोसंबी सोलून दिली होती. अर्धी त्याने खाल्ली, उरलेली मला दिली आणि म्हणाला, गोड आहे, आमच्या इकडची दिसते. त्यानंतर तो नीट शुद्धीवर नव्हता. मी हे सगळे जसेच्या तसे सांगितले. फोडींच्या पांढऱ्या शिरा काढून दिल्या होत्या, तेही सांगितले, कारण तिने ते विचारले.

"बिया काहाडल्या होत्या?"

"हो, आई."

"असं," म्हणून ती आत गेली.

नागपूरपर्यंत पंचेचाळीस-सेहेचाळीस मैल गाडी एका लयीत चालली. इतकी चांगली ती माझ्याकडे कधीच चालली नव्हती. ती कुठेतरी बंद पडावी आणि मला तासभर बसायला मिळावे, असे मला वाटत राहिले. बगीच्यांतून दोन-तीन माणसे कुदळी घेऊन आळी उकरत होती. पावसाला अजून तीन आठवडे होते. अकराच्या आत मी महालात पोचलो, तोंड धुतले आणि छापखान्यात गेलो. माझ्या मेजावर दोन दिवसांची मुद्रिते साचली होती, पुंडलिकच्या यंत्रावर दुसरा माणूस उभा होता आणि यंत्र चालू होते.

देवरावांना आधीच कळले होते, हे ऐकून त्या दिवशी माझ्या मनावरचे ओझे उतरले होते. पुढे पुढे तसे वाटेनासे झाले. मी त्यांच्याशी बोललो नाही म्हणून ते दुःखातून वाचले नाहीत. मी समोर उभा असताना त्यांनी पाऊण तास ते एकट्याने सोसले, हातात हातोडी घेऊन. त्यानंतर आयुष्यात दोनदा मला अशी बातमी घेऊन कुणाच्या दारी जावे लागले. दोन्ही वेळा मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सांगितले, पाणीसुद्धा घेण्याआधी. पहिल्या घरी माझ्यावर माणसे चिडली. दुसऱ्या घरी एक बाई जागीच कोसळली. पण मी तिथे होतो, आणि तिला हात देता आला.